गायब झालेली बाई

भाकरी थापून झाल्या असतील तर निवांत बसा. नसतील तर थापता थापता ऐका. आजचा विषय हसण्याचा आहे, जादूचा आहे, आणि शेवटी थोडा आपल्या घरचाही आहे.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक समाजमंदिरात झाली. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या. लाईट होती, म्हणून भिंतीवर पांढरी चादर बांधून आम्ही सगळ्यांना एक जुना सिनेमा दाखवला. प्रोजेक्टर शाळेतून मागून आणला होता. सिनेमा केवढा, तर मिनिटभराचा. पण सव्वाशे वर्षांहून जुना. १८९६ सालचा, फ्रान्स देशातला. मुका सिनेमा, बोलणं नाही, गाणं नाही.

त्यात एक दाढीवाला जादूगार येतो. सोबत एक बाई. जादूगार जमिनीवर वर्तमानपत्र पसरतो, म्हणजे खाली भोक नाही, तळघर नाही, बघा नीट. त्यावर खुर्ची ठेवतो. बाई खुर्चीवर बसते, पंख्यानं वारा घेते. जादूगार तिच्यावर कापड टाकतो, कापड ओढतो, आणि बाई गायब! खुर्ची रिकामी. मग तो हवेत हात फिरवतो तर खुर्चीवर येतो हाडांचा सापळा. आमच्या बायका ओरडल्याच. तो सापळ्यावर कापड टाकतो, ओढतो, आणि बाई परत हजर. दोघं वाकून नमस्कार करतात. संपला सिनेमा.

चार वेळा लावायला लागला. पाचव्यांदा लाईट गेली. आणि त्या अंधारात आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आक्का म्हणाल्या, “ते सगळं खरं गं, पण मधल्या वेळात ती बाई गेली कुठं?”

सगळ्या हसल्या. पण तेव्हा आम्हा दोघींनाही नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही वाचलं, विचारलं, पुन्हा पाहिलं. त्या शोधात जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवतोय.

आधी त्या जादूगाराची ओळख. त्याचं नाव जॉर्ज मेलिएस. जन्म १८६१, पॅरिस शहरात. वडिलांचा बुटांचा कारखाना. पण याचं मन जादूत. १८८८ मध्ये त्यानं जादूच्या खेळांचं एक नाटकघरच विकत घेतलं. १८९५ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून हलती चित्रं दाखवली, तेव्हा हा पाहायला होता. तीच चित्रं पुढच्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली, तिकीट एक रुपया. त्या काळचा एक रुपया बरं का, मजुराच्या कितीतरी दिवसांच्या मजुरीचा!

तेव्हाच्या हलत्या चित्रांत असायचं काय? गाडी स्टेशनात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, बाळ खाऊ खातं. जे समोर घडतं ते टिपायचं. मेलिएसच्या हातात कॅमेरा आला आणि त्याला वाटलं, जे घडत नाही ते का दाखवू नये?

ही युक्ती त्याला सापडली कशी, ते तो स्वतः सांगायचा. एकदा तो पॅरिसच्या चौकात रस्त्याचं चित्रण करत होता. मधेच कॅमेरा अडकला. त्यानं खटपट करून तो पुन्हा चालू केला. मिनिटभर गेलं असेल, तेवढ्यात रस्त्यावरच्या गाड्या-माणसं पुढे सरकलेली. फीत पडद्यावर लावली तर काय, घोड्यांच्या बसची एकाएकी मढं नेणारी गाडी झाली, आणि पुरुषांच्या बायका झाल्या! कॅमेरा अडकला म्हणून एखाद्यानं कपाळाला हात लावला असता. यानं त्यातून धंदा उभा केला.

आता आक्कांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर ऐका. कापड टाकून झालं की मेलिएस कॅमेरा थांबवायला सांगायचा. स्वतः तसाच, हात वर तर हात वर, पुतळ्यासारखा उभा. बाई उठून बाजूला व्हायची. कॅमेरा पुन्हा सुरू. नंतर फितीतला नको तो तुकडा कापून जोड असा चिकटवायचा की बघणाऱ्याला मधला वेळ दिसूच नये. एवढंच. मंत्र नाही, भस्म नाही. कात्री आणि डिंक.

ही एक युक्ती. दुसरी याहून मजेची. १८९८ च्या एका सिनेमात मेलिएस स्वतःचं डोकं धडावरून उपटतो आणि टेबलावर ठेवतो. धडाला दुसरं डोकं उगवतं. तेही उपटून टेबलावर. मग तिसरं. टेबलावर तीन डोकी, धडावर चौथं. हा वाद्य घेऊन वाजवायला बसतो आणि सगळी डोकी गायला लागतात. गाणं आपल्याला ऐकू येत नाही, पण किती बेसूर असेल ते याच्या तोंडावरून कळतं. कारण तो वैतागून उठतो आणि तेच वाद्य दोन डोक्यांवर हाणतो. ज्यांच्या घरात तीन पोरं एकाच वेळी हाका मारतात, त्या बायकांना हा सिनेमा लगेच समजला.

हे कसं केलं? मागे सगळं काळं कापड. काळ्या रंगाचं चित्र फितीवर उमटत नाही, तेवढी जागा कोरी राहते. मग तीच फीत मागे गुंडाळायची आणि पुन्हा त्याच फितीवर नवं चित्रण करायचं. आपण रांगोळीत आधी एक फूल काढतो, बाजूची जागा मोकळी ठेवतो आणि मग त्यात दुसरं भरतो, तसं. फक्त इथं जागा चुकली की आधीचं सगळं फुकट.

१९०१ मध्ये त्यानं एका डोक्यात भात्यानं हवा भरली. डोकं फुगतं, फुगतं, केवढं तरी होतं. मग मदतनीस भाता घेतो, जास्तच हवा भरतो आणि डोकं फुटतं! खरं तर मेलिएस गाडीवर बसून कॅमेऱ्याच्या जवळ जवळ सरकत होता. जवळ आलेली वस्तू मोठी दिसते, एवढीच त्यातली गंमत. १९०२ चा त्याचा चंद्रावरच्या सफरीचा सिनेमा तर जगभर गाजला.

मैत्रिणींनो, ही जादू तुम्हीही करू शकता. आम्ही परवा केली. मोबाईल हातात धरायचा नाही, तो हलतो. दोन विटांच्या बेचक्यात उभा करायचा. समोर ओट्यावर हंडा. व्हिडिओ सुरू करून एकीनं हंड्याकडे बोट दाखवायचं आणि तसंच थांबायचं. बरेच फोन मध्येच थांबवता येतात, तसा थांबवायचा. दुसरीनं हंडा उचलायचा. पुन्हा सुरू. हंडा गायब! आमच्या पहिल्या खेपेला पदर वाऱ्यानं उडाला आणि चोरी उघडी पडली. दुसऱ्या खेपेला ऊन गेलं. तिसऱ्या खेपेला मधून कोंबडी चालत गेली, ती अर्ध्या ओट्यावरून जी नाहीशी झाली ती आम्हाला हंड्यापेक्षा आवडली. एक मात्र झालं. हातानं एकदा केलं की डोळा तयार होतो. फोनवर कुणी चमत्काराचा व्हिडिओ पाठवला तर आमच्या बायका आता आधी विचारतात, “पदर कुठं उडाला, बघा बरं?” मेलिएस जादूगार होता, तो तिकीट घेऊन, सांगून फसवायचा. न सांगता फसवणारे वेगळे.

आता आक्कांच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. ती बाई गेली कुठं?

त्या बाईचं नाव जान द’आल्सी. ती नाटकघरातली नटी. पुढं मेलिएसच्या कितीतरी सिनेमांत तिनं काम केलं. मेलिएसनं पाचशेवर सिनेमे केले, पण धंदा बुडाला. जवळच्या मूळ फिती त्यानं वैतागून जाळून टाकल्या. या पडत्या काळात, १९२५ मध्ये, दोघांनी लग्न केलं. पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनात तिचं खेळण्यांचं आणि गोळ्या-मिठाईचं छोटं दुकान होतं. जगाला चंद्रावर नेऊन आणणारा माणूस त्या दुकानात बसून पोरांना खेळणी विकत होता. पडद्यावर ज्या बाईला त्यानं गायब केलं, तिच्याच दुकानानं त्या दोघांना जगवलं.

आणि ती एकटी नव्हती. हे सिनेमे काळे-पांढरे असायचे, पण काही रंगीत करून विकले जायचे. रंग कोण भरायचं? पॅरिसमध्ये एलिझाबेथ थ्युलिए नावाच्या बाईचा कारखाना होता. तिथं दोनशेहून जास्त बायका कामाला. बोटाच्या पेराएवढं एकेक चित्र, त्यात बारीक कुंचल्यानं रंग. एका बाईनं एकच रंग भरायचा, मग फीत दुसरीकडे. सेकंदाला साधारण सोळा चित्रं धरा. म्हणजे एका मिनिटाच्या सिनेमात साडेनऊशेच्या वर. आणि प्रत्येक प्रत वेगळी रंगवायची. लुगड्याच्या काठावर किंवा गोधडीवर ज्यांनी डोळे शिणवले आहेत त्यांना हे काम काय असतं ते सांगायला नको. लोकांनी टाळ्या रंगांना दिल्या. त्या दोनशे बायकांची नावं आज कुणी सांगू शकत नाही.

आणखी एक बाई, अ‍ॅलिस गी. पॅरिसच्या एका कॅमेऱ्यांच्या कंपनीत मालकाची सेक्रेटरी. तिनं मालकाला विचारलं, मी एखादी छोटी गोष्ट चित्रित करू का? मालक म्हणाला, कर, पण ऑफिसचं काम अडता कामा नये. ओळखीचं वाटतं ना? कर बाई काय करायचं ते, पण स्वयंपाक वेळेवर पाहिजे! तिनं १८९६ मध्ये कोबीच्या गड्ड्यांतून बाळं काढणाऱ्या परीचा सिनेमा केला. पुढं जादूचे केले, हसवणारे केले. एका सिनेमात बाप्ये शिवण शिवतात, पोरं सांभाळतात, आणि बायका हॉटेलात बसून पीत, धूर सोडत गप्पा मारतात. १९०६ साल होतं ते! सिनेमा दिग्दर्शित करणारी ती जगातली पहिली स्त्री. पण इतिहास लिहिताना तिचे काही सिनेमे पुरुषांच्या नावावर लागले. म्हातारपणी तिला आपलीच यादी स्वतः करत बसावी लागली, की हे मी केलंय हो.

आता इथून आपल्याकडे येऊ, कारण वाट तिच्याच हातची असावी. १९११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातल्या एका थिएटरात एका नाशिककर माणसानं येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. तो अ‍ॅलिस गीनं केलेला सिनेमा होता असं बरेच जण मानतात. पाहणारा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. आपले दादासाहेब. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. पडद्यावर ख्रिस्त पाहताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. शेजारी त्यांची पत्नी सरस्वतीबाई बसल्या होत्या.

दादासाहेबांना आपण हरिश्चंद्रामुळे ओळखतो. पण हा माणूस जादूगार होता हे किती जणींना माहीत आहे? फाळके हे नाव उलटंपालटं करून ते ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून जादूचे खेळ करायचे. आणि त्यांनी कॅमेऱ्यानं केलेली पहिली करामत ही मेलिएसच्याच जातीची होती. कुंडीत एक वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, आणि रोज थोडंसंच चित्रण करायचं. महिनाभर. पडद्यावर लावलं तर मिनिटभरात दाणा फुटतो, कोंब येतो, वेल चढते. हे पाहून सावकार पैसे द्यायला तयार झाला. मैत्रिणींनो, कर्जासाठी तारण म्हणून वाटाण्याची वेल दाखवणारा दुसरा माणूस आम्हाला ठाऊक नाही.

पण तेवढ्या पैशानं भागणार नव्हतं. सरस्वतीबाईंचे दागिने गेले. आणि काम? परदेशातून कोरी फीत यायची, तिच्या कडेला भोकं पाडायची असायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फीत वाया. हे काम सरस्वतीबाईंनी केलं. फिती धुण्याची रसायनं कालवली. चित्रणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उभ्या राहिल्या, म्हणजे उजेड नटांच्या तोंडावर पडेल. दिवसभर हे, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, वर आपली लेकरं. तारामतीचं काम करशील का, असंही त्यांना विचारलं गेलं म्हणतात. त्या म्हणाल्या, मग बाकीचं कोण करणार?

मे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामती झाले अण्णा साळुंके, एका उपाहारगृहात काम करणारे. बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या, कारण लोक नावं ठेवायचे. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये तर रामही साळुंके आणि सीताही साळुंकेच! पण मधल्या काळात ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, या मायलेकी धीर करून उभ्या राहिल्या. आपल्या पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया. दादासाहेबांनी ‘पीठाचे पंजे’ असे छोटे विनोदी खेळही केले. मोठ्या सिनेमासोबत ते दाखवायचे, लाडवासोबत चिवडा असावा तसे.

आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’. त्यात बाळकृष्ण कोण आहे? दादासाहेबांची सातेक वर्षांची लेक मंदाकिनी. सिनेमाच्या सुरुवातीला ती आधी मुलगी म्हणून समोर येते, हसते, रुसते, डोळे मोठे करते, आणि मग तिचा कृष्ण होतो. म्हणजे दादासाहेबांनी आधीच सांगून टाकलं, ही आमची पोर आहे, आता बघा गंमत. तिला लपवलं नाही.

सरस्वतीबाईंचं मात्र आणखी एक ऐका. लग्नाआधी त्यांचं नाव गिरिजा होतं. लग्नात बदललं. नाव गेलं, दागिने गेले, आणि त्यांनी भोकं पाडलेल्या फितीवर बाकी सगळे दिसले, त्या दिसल्या नाहीत.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातली एक वहिनी बोलली. तिचा नवरा अकरा वर्षं शहरात नोकरीला. शेत हीच बघते, पेरणीपासून बाजारापर्यंत. मागं गारपीट झाली तेव्हा पंचनाम्याला साहेब आले. हिनं चिखलातून बांधाबांधानं त्यांना नुकसान दाखवलं. शेवटी कागद काढून त्यांनी विचारलं, शेतकरी कोण? हिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. ते म्हणाले, मग सहीला त्यांना बोलवा. वहिनी म्हणाली, “मी तिथंच उभी होते गं. खुर्चीवर कापड टाकल्यासारखं झालं.”

आक्का, तुमच्या प्रश्नाचं हे पुरं उत्तर. ती बाई कुठं गेली नव्हती. कॅमेरा बंद होता तेव्हा ती उठून चालत बाजूला झाली, एवढंच. ती तिथंच होती, हात-दोन हातांवर. फक्त तेवढं टिपलं गेलं नाही.

आणि मैत्रिणींनो, त्या सिनेमात जादूगाराला बाई परत आणावीच लागते. सापळ्यावर खेळ संपवला असता तर कुणी टाळी वाजवली नसती.

म्हणून आम्ही त्या दिवशी गटात दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, प्रत्येकीनं घरी जाऊन सातबारा आणि घराचा उतारा काढून बघायचा, त्यावर आपलं नाव आहे का. नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता यावं यासाठी आपल्या राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आहे, तिची चौकशी तलाठ्याकडे करा. घराच्या उताऱ्यावर दोघांचं नाव लावण्याबद्दल ग्रामपंचायतीत विचारा. आमच्यातल्या तिघींनी विषय घरी काढला. एकीचा नवरा लगेच हो म्हणाला. एकीचा “बघू” म्हणाला, तो अजून बघतोच आहे. आणि एकीच्या सासूनंच लेकाला दटावलं, “माझं लागलं नाही, हिचं तरी लाव.” त्या सासूबाई कोण, तर आमच्या आक्का.

दुसरी गोष्ट सोपी. तुमच्या गटानंही मोबाईलवर मिनिटभराची जादू करून बघा. हंडा गायब करा, सूप गायब करा, शेजारीण गायब करा. पण परत आणा. आणि शेवटी सगळ्या जणी कॅमेऱ्यासमोर या, जिनं हंडा उचलला तीसुद्धा, जिनं विटा लावल्या तीसुद्धा, आणि आपापलं नाव मोठ्यानं सांगा. आमचा सिनेमा तसाच संपतो. सतरा जणींची नावं आहेत. कोंबडीचं राहिलं.

भाकरी करपत नाही ना, बघा. नमस्कार.